बरोबर उत्तरालाही कारण विचारावे

सप्रेम आशीर्वाद.

सातवीचा वर्ग हाती घेतल्यापासून तुझी एकच तक्रार आहे: मुले ‘शास्त्रीय कारणे लिहा’ या प्रश्नाचे उत्तरसुद्धा गाईडमधून पाठ करतात, आणि तेच कारण जरा निराळ्या शब्दांत विचारले की गप्प बसतात. यात मी मुलांना दोष देणार नाही. उत्तर चुकले तरच शिक्षक ‘का?’ असे विचारतात, हे त्यांना पहिलीपासून ठाऊक झालेले असते. त्यामुळे कारण विचारले की आपले काहीतरी चुकले, असाच अर्थ ती घेतात. म्हणून बरोबर उत्तरालाही ‘कशावरून?’ असे विचारायला लाग, आणि तेही प्रत्येक विषयाच्या तासाला.

इतिहासापासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण सनावळी घोकण्याची सवय तिथे सर्वांत घट्ट आहे. शिवाजी महाराजांची जन्मतारीख, 19 फेब्रुवारी 1630, मुलांना तोंडपाठ असते. ती कशी ठरली, हे मात्र विचारले जात नाही. काही बखरींच्या आधारे पूर्वी शके 1549 मधील वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी मानली जात असे. लोकमान्य टिळकांनी 1916 साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सनवार घटनांची जुनी टिपणे, प्रसिद्ध केली, तीत शके 1551 मधील फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती, आणि कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ या महाराजांच्या काळातील संस्कृत काव्यातही हीच तिथी मिळते. दोन्ही तिथी त्यांच्या साधनांसह फळ्यावर लिही. लिहिणारा त्या काळाच्या किती जवळचा होता, त्याच्या नोंदीला दुसरे एखादे साधन दुजोरा देते का, हे मुलांना आपसांत बोलू दे. मग गणित घाल: शकाचा इसवी सन काढायला 1551 मध्ये 78 मिळवले तर 1629 येतात, तरी आपण 1630 का म्हणतो? फाल्गुन हा शकवर्षाचा शेवटचा महिना असून तोवर इसवी सन बदललेला असतो, हे मुलांनीच शोधले पाहिजे. कितीही वेळ लागला तरी तू सांगून टाकू नकोस.

हे न सांगणेच सर्वांत अवघड आहे. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे दिसले. हाच अवधी तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरे अधिक सविस्तर झाली आणि एरवी मागे राहणारी मुलेही बोलू लागली. मुलाचे उत्तर संपल्यावरही तितकेच थांब, कारण पुष्कळदा खरे कारण पहिल्या वाक्यानंतरच येते. ‘शाबास’ म्हणण्याची घाई केलीस, तर बाकीची मुले तिथेच विचार थांबवतात.

गणितात आधी लेखी अंदाज घे. 24 सेंटीमीटर दोऱ्याचे टोक जोडून त्याचे निरनिराळे आयत करायचे आहेत. दोरा तोच असला तर क्षेत्रफळही तेच राहील का? बहुतेक मुले ‘हो’ लिहितील. मग त्यांना मोजू दे: 6 बाय 6 चे 36 चौरस सेंटीमीटर, 8 बाय 4 चे 32, आणि 11 बाय 1 चे फक्त 11. अंदाज केवळ तोंडी घेतला असता तर ‘मला माहीतच होते’ म्हणून मुले निसटली असती. वहीत लिहिल्यामुळे आपले कुठे चुकले हे त्यांना तपासावे लागते, आणि या तासाचे खरे शिक्षण तेवढेच आहे.

मराठीच्या तासाला ‘बळी तो कान पिळी’ आणि ‘शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ’ या दोन म्हणी शेजारी ठेव, आणि कोणती कधी लागू पडते हे उदाहरण देऊन पटवून द्यायला सांग.

अभ्यासक्रम मागे पडेल ही तुझी भीती खरी आहे, म्हणून रोज असा तास घेण्याचा आग्रह मी धरणार नाही. आठवड्याला प्रत्येक विषयात असा एकच प्रश्न पुरे, पण तो पाठटाचणात आधी लिहिलेला असावा. ऐन वेळी सुचलेला प्रश्न बहुधा ‘हो’ किंवा ‘नाही’वर संपतो. शिवाय आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, कारणमीमांसेला गुण राखून ठेव. वर्गात तू विचार करायला सांगितलेस आणि चाचणीत केवळ पाठांतर तपासलेस, तर मुले चाचणीवरच विश्वास ठेवतील, आणि त्यात त्यांचे काही चुकणार नाही.

दोऱ्याचा तास आधी घे आणि मुलांचे लेखी अंदाज मला पाठव. उत्तर चुकले तरी ज्यांनी कारण दिले आहे, ते कागद वर ठेव.

तुझी हितचिंतक