मिंधे होण्याची भीती

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

सामोआतल्या सवाईई बेटावरून, आपल्या लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या मिशनवरून आलेले तुझे पत्र मी तीनदा वाचले. ज्या विधवा बाईंनी तुम्हा दोघांना रविवारी जेवायला बोलावले, त्यांनी तुझ्यापुढे अख्खी कोंबडी ठेवली, त्यांची चार मुले खांबांशी बसून तुमच्या ताटांवरच्या माश्या वारत राहिली, आणि घशाखाली घास उतरेना म्हणून तू ‘माझे पोट भरले आहे’ असे सांगून ताट पुढे सरकवलेस. परतताना तुझा सामोअन जोडीदार, म्हणजे तुझ्या सोबतचा मिशनरी, वाटभर तुझ्याशी बोलला नाही. आता तू विचारतोस की, द्यायला आलेला मी पोरांच्या तोंडचा घास खातो आहे तर माझा इथे उपयोग काय, आणि महिन्याच्या खर्चातून त्या बाईंना चार मासळीचे डबे नेऊन द्यावेत का.

डबे नेऊ नकोस. आधी घ्यायला शीक.

पहाटे साडेसहाला उठणे, जोडीदाराला सोडून कुठे न जाणे, चहूबाजूंनी समुद्र असताना त्यात पोहायला न उतरणे हे मिशनचे सारे नियम तू सांभाळतोस, त्याबद्दल मी काही लिहीत नाही. तुझी श्रद्धाही ठीक आहे. तुझी अडचण आपल्या घरांतून आलेली आहे. आपल्या दोघांच्याही घरी रविवारची सभा इंग्रजीत आणि संस्कार मराठीत झाले. कुणाचे मिंधे होऊ नये, कुणाच्या घरी गेल्यास रिकाम्या हाताने जाऊ नये, आणि जेवण पुढे आले तर ‘नको, आत्ताच खाऊन आलो’ हे निदान दोनदा म्हणावे, हे आपल्याला प्रार्थनेच्याही आधी शिकवले गेले. त्यात वाईट काही नाही. मात्र सामोआत त्याचा अर्थ उलटा होतो, हे समजायला मला माझ्या मिशनची दोन वर्षे पुरली नाहीत.

तू ज्याला उपासमार समजलास, ती तिथली रीत आहे. पाहुणा आधी जेवतो आणि मागे राहिलेले घरातली माणसे खातात. म्हणून चांगल्या पाहुण्याने बसावे, दोन घास मनापासून खावेत, वाखाणावेत, आणि ताटात भरपूर शिल्लक ठेवून हात धुवावेत. कोंबडी मुलांपर्यंत पोहोचायची वाट तुझ्या जेवण्यातूनच जात होती. तू न खाता ताट सारलेस तेव्हा मुलांचे पोट कदाचित जास्त भरले असेल, पण त्यांच्या आईचे घर पाहुण्याला जेवू घालण्याच्या लायकीचे नाही, असे तू तिच्या लेकरांसमोर सांगितलेस. तुझा जोडीदार गप्प राहिला तो रागाने नव्हे. त्याला लाज वाटली.

तिने तुला कोणत्या शब्दात जेवायला सांगितले ते आठव. तिथे रोजच्या बोलण्यात खाण्याला ‘आइ’ म्हणतात आणि मान्यवरांना आग्रह करताना ‘ताउमाफा’ म्हणतात. अठरा वर्षांच्या परक्या मुलाला ती बाई मोठ्यांचा शब्द वापरते आणि तू तिला डबे देण्याचा विचार करतोस! घरातली मुले एकमेकांशी बोलताना ‘त’च्या जागी ‘क’ उच्चारतात, आणि तुझ्याशी मात्र प्रार्थनेत बोलावे तसे जपून ‘त’ने बोलतात, हे तुझ्या कानांनी आतापर्यंत टिपले असेलच. ज्या दिवशी त्यातले एखादे पोर विसरून तुझ्याशी ‘क’ने बोलेल, त्या दिवशी मला अवश्य लिही. भाषासुद्धा घ्यावीच लागते. धाकट्या पोराने दहादा चुका सुधाराव्यात आणि आपण दहादा मान खाली घालून ऐकावे, एवढाच तिचा मार्ग आहे.

हे आपल्या मंडळींना पूर्वी ठाऊक होते. 1844 साली आपल्या चर्चचे मिशनरी अ‍ॅडिसन प्रॅट पॅसिफिकमधल्या तुबुआई बेटावर उतरले. ताहितीला निघालेल्या जहाजातून सोबती पुढे गेले आणि लोकांनी राहण्याचा आग्रह केला म्हणून ते मागे राहिले. त्यांना कोणी जेवू घातले असेल याचा विचार कर. जोसेफ एफ. स्मिथ पंधरा वर्षांचे असताना 1854 मध्ये हवाईला गेले, तिथे आजारी पडले, आणि एका हवाईयन बाईने पोटच्या मुलासारखी त्यांची शुश्रूषा केली. अनेक दशकांनी ते चर्चचे अध्यक्ष म्हणून परत गेले, तेव्हा ती वृद्ध, अंध झालेली बाई त्यांच्यासाठी थोडी केळी घेऊन आली होती. त्या केळ्यांच्या बदल्यात त्यांनी तिच्या हातावर पैसे ठेवले असते तर ते काय झाले असते, ते तूच ठरव.

आता माझे सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय तुला दरडावण्याचा मला अधिकार नाही.

मी 1992 साली सवाईईला पोहोचलो. आदल्या डिसेंबरातल्या व्हॅल चक्रीवादळाची पडझड अजून दिसत होती. पुढच्या वर्षी तालोवर करपा पडला. तालो म्हणजे आपला अळूच, त्याची पाने नारळाच्या दुधात शिजवून करतात ती पालुसामी तू खाल्लीच असशील. त्या वर्षी पानांवर पाणी शिंपडल्यासारखे तपकिरी डाग यायचे, काही दिवसांत पान लोंबायचे, आणि वाड्यामागून वाडे उजाड व्हायचे. आम्हाला आठवड्यातून एकदा जेवू घालणाऱ्या एक आजी होत्या. त्या उकडलेली कच्ची केळी वाढताना दर वेळी तालो नसल्याबद्दल क्षमा मागत. संध्याकाळी ‘सा’ची, म्हणजे सायंप्रार्थनेची, घंटा झाली, गावात सगळे जागच्या जागी थांबले आणि प्रार्थना संपली की त्या विणायला बसत. केवड्याच्या जातीची ती पाने, वाळवून पांढुरकी झालेली. त्या अंगठ्याच्या नखाने त्यांची इतकी बारीक पट्टी काढत की हातात धरल्यावर ती कापडाच्या दोऱ्यासारखी लोंबत असे. मी तिथे होतो ते सगळे महिने ती एकच चटई विणली जात होती.

माझी बदली झाली तेव्हा आजींनी ती इए तोंगा घडी घालून माझ्यापुढे ठेवली. लग्नात, मर्तिकात, क्षमायाचनेत जी दिली जाते, ती चटई. मी ती घेतली नाही. पाठ करून ठेवलेल्या उत्तम सामोअनमध्ये मी त्यांना सांगितले की घरात अन्नाची वानवा असताना ही तुम्हालाच लागेल, नातीच्या लग्नाला ठेवा. आजींनी वाद घातला नाही. त्यांनी घडीवरून दोनदा हात फिरवला, चटई पेटीत ठेवली, आणि मला बंदराकडे नेणारी बस येईपर्यंत त्या माझ्याशी हवापाण्याचे बोलत राहिल्या.

मी गर्वाने नकार दिला असे कुणी म्हटले तर ते मी आजही मान्य करणार नाही. माझा हेतू चांगला होता, माझे गणितही बरोबर होते. त्या घरात खरोखर काही नव्हते, आणि एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने गरिबाची वस्तू उचलून न्यायची नाही, हे मला माझ्या आईने शिकवले होते. तरीही जे देण्यासाठी त्यांनी वर्षभर हात झिजवले ते मी त्यांना देऊ दिले नाही, आणि ते सुधारण्याची सोय मला मिळाली नाही. पुढे त्या गेल्याचे कळले तेव्हा मी एका ओळखीच्या माणसाबरोबर पैसे पाठवले. ते घरच्यांनी नम्रपणे परत केले. मी अजूनही द्यायलाच धावत होतो, हे तुझ्या ध्यानात आले असेल.

म्हणून पुन्हा सांगतो, घ्यायला शीक. श्रम करायचेच असतील तर शनिवारी उमुचे, म्हणजे तिथल्या दगडी भट्टीचे, दगड तापवायला जा, रोवलेल्या टोकदार काठीवर नारळ सोल, तिच्या मुलांबरोबर वाडीत तण काढ. पण जेवणाची फेड म्हणून नको. हिशेब चुकता करण्याची ही आपली खोड मला फार परिचयाची आहे आणि आता तिचा मला कंटाळा आला आहे. चार महिन्यांत एकही बाप्तिस्मा झाला नाही असे तू पत्राच्या शेवटी लिहिले आहेस, तोही त्याच वहीतला आकडा आहे. ज्या माणसाला कुणाचे काही घेता येत नाही, त्याच्याकडून दुसऱ्याने काही का घ्यावे?

या रविवारी त्या बाईंनी बोलावले तर जा. बसलेल्यांच्या पुढून जाताना वाकून ‘तुलोउ’ (माफ करा) म्हण, मांडी घाल, पाय दुखले तर मांडीवर चटई ओढून मग लांब कर. वाढलेले खा, अर्धे ठेव. गेल्या वेळेबद्दल मोठे भाषण करू नकोस.

आणि एक काम. त्या आजींचे गाव तुझ्या भागातून बसने अर्ध्या तासावर आहे. तुझ्या जोडीदाराला ते माहीत असेल. त्यांची नात आता स्वतः आजी झाली असेल. मिशन प्रेसिडेंटची परवानगी मिळाली तर तिला भेट आणि माझे नाव सांग. मी तुझ्याबरोबर पाकीट पाठवत नाही, तूही तुझ्या पदरचे काही नेऊ नकोस. तिने माझ्यासाठी काही दिले, मग ते केळ्याचे एक फळ का असेना, तर नको म्हणू नकोस, आणि काय दिले ते मला सोमवारच्या पत्रात लिही.

तुझा काका