बिडाचा तवा चिकट का होतो?

प्रश्न : तुळशीबागेतून डोशाचा बिडाचा तवा आणला. भरपूर तेल लावून दोन दिवस ठेवला, मग तापवला. आता बोट लावलं की चिकट लागतं आणि पहिला डोसा अक्षरशः खरवडून काढावा लागला. तवाच खराब आहे का?
— एक वाचक, सहकारनगर

उत्तर : तवा उत्तम आहे, तेल जास्त झालंय. बिडावर तेल नुसतं मुरत नाही. ते तापून कडक, काळं कवच बनतं आणि हे कवच पातळ थरांनीच चढतं. थर जाड असला की वरून सुकतो, आत अर्धा कच्चा राहतो. तोच तुमच्या बोटाला लागतोय.

आधी गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि तारेची घासणी घेऊन चिकटपणा पूर्ण काढा. तवा पुसून मंद गॅसवर पाच मिनिटं ठेवा, म्हणजे बिडाच्या बारीक खळग्यांतलं पाणीही उडून जाईल. आता अर्धा चमचा शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल दोन्ही बाजूंना चोळा आणि कोरड्या सुती फडक्याने असं पुसा, जणू तेल चुकून लागलं होतं. तवा ओला चकाकत असेल तर अजून पुसा. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, खिडकी उघडी ठेवा. गॅसची आच मध्येच लागते, कडा कच्च्या राहून तिथे तपकिरी चिकट कडं उरतं. म्हणून तवा सरकवत प्रत्येक कड आचेवर आणा. गार झाला की पुन्हा तेच, असे पाच-सहा थर. तवा ओव्हनमध्ये मावत असेल आणि मूठ लाकडी नसेल, तर २३० अंशांवर पालथा घालून तासभर ठेवा आणि आतच गार होऊ द्या. काम जास्त एकसारखं होतं.

जवसाच्या तेलाचं बरंच कौतुक होतं. थर दिसतो सुंदर, पण पुढे त्याचे पापुद्रे सुटतात. आम्ही ते सुचवणार नाही.

सुरुवातीला डोसा नको. आठवडाभर सढळ तेलावर थालीपिठं लावा, कांदा परता.

प्रश्न : पावसाळ्यात माळ्यावर ठेवलेला आजीचा तवा लालभडक गंजलाय. टाकून द्यावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : अजिबात नाही! तडा गेला नसेल तर तो पुन्हा उभा राहील. व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन तवा त्यात बुडवा, दर पंधरा मिनिटांनी काढून घासा. तासाच्या वर ठेवू नका, रात्रभर तर नकोच. गंज संपला की आम्ल लोखंडच खायला लागतं. नंतर लगेच धुवा, गॅसवर कोरडा करा आणि वरच्यासारखे थर द्या. पुढच्या पावसाळ्यात ठेवताना तेलाचा हात फिरवून सुती कापडात गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते. आणि तापल्या तव्यावर गार पाणी कधीही ओतू नका. पत्र्याचा तवा ते सोसतो, बीड तडकतं.

प्रश्न : बिडाच्या कढईत केलेली चिंचेची आमटी काळी पडली, चवही लोखंडी लागते. असं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक हे आंबट पदार्थ कवच विरघळवतात आणि लोखंड आमटीत उतरतं. फोडणी बिडात करा, आमटी स्टीलच्या पातेल्यात उकळा. कढईला आता तेलाचे दोन थर पुरतील.