टूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या अनेक टप्प्यांच्या सायकल शर्यतीतला सर्वात विचित्र विक्रम कोणता? आणि तिथे शेवटच्या स्पर्धकाचीही नोंद का ठेवतात?

पहिल्या प्रश्नाला बहुतेक जण 1989 सांगतील. लेमाँडने फिन्योंला हरवलं, अवघ्या 8 सेकंदांनी. थरार मोठा, मान्य. पण थोडक्यात जिंकणं हे विचित्र नव्हे, शर्यतीत तसं होणारच.

माझ्या लेखी विचित्र विक्रम एकच. 2018 मध्ये अमेरिकेचा लॉसन क्रॅडॉक पहिल्या टप्प्यापासून पॅरिसपर्यंत, एकूण वर्गवारीत, म्हणजे सगळ्या टप्प्यांची वेळ मिळून, रोज शेवटचा होता. एकवीसच्या एकवीस दिवस. टूरमध्ये त्याआधी हे कुणाच्याच बाबतीत घडलं नव्हतं. पहिल्याच दिवशी रस्त्यावर पडलेल्या बाटलीवरून त्याचं चाक गेलं, तो आपटला, खांद्याचं हाड मोडलं, भुवई फाटली. तसाच रक्ताळलेल्या तोंडाने तो शेवटच्या रेषेपर्यंत आला. मग त्याने जाहीर केलं, की पूर्ण केलेल्या प्रत्येक टप्प्यामागे ह्यूस्टनच्या वादळात खराब झालेल्या वेलोड्रोमला, म्हणजे सायकल शर्यतीच्या ट्रॅकला, 100 डॉलर देईन. त्याच ट्रॅकवर त्याने शर्यतींना सुरुवात केली होती. सुरुवात 176 जणांनी केली, पॅरिसला 145 पोचले. क्रॅडॉक एकशे पंचेचाळीसावा.

आता हे मला इतकं का लागतं ते सांगतो. 2011 साली मी दोन दिवसांच्या एका हौशी शर्यतीत उतरलो होतो. दुसऱ्या दिवशी पसरणी घाट. वाई सोडताच मागचं चाक पंक्चर झालं, ते काढून घाटाला लागलो तोवर पुढे कुणीच नव्हतं. मागे मात्र होता, मागे राहिलेल्यांना उचलणारा टेम्पो. आणि तो चालवत होता माझा मामेभाऊ, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. पहिल्या गिअरमध्ये, माझ्या चाकापासून चार हातांवर. डिझेलचा धूर नाकात जात होता. प्रत्येक वळणावर तो खिडकीतून डोकं काढून म्हणायचा, "चल, टाक सायकल मागे. उगाच शोभा करू नकोस." मी बसलो नाही. एका चढावर चेन पडली, ती बसवताना हात काळे झाले. त्याच हातांनी घाम पुसत पाचगणी गाठली.

तिथे कमान उतरवलेली. रस्त्यावर चुन्याची रेघ होती, तीही गाड्यांच्या टायरखाली अर्धी पुसलेली. एक मुलगा बॅनरची गुंडाळी करत होता. त्याला म्हटलं, माझी वेळ लिहून घे. तो म्हणाला, कागद साहेब घेऊन गेले. रात्री निकाल लागला तेव्हा माझ्या नावापुढे डीएनएफ. म्हणजे शर्यत पूर्ण केली नाही! आयोजकांनी वेळमर्यादा ना पत्रकात छापली होती, ना सुरुवातीला कुणी सांगितली होती.

दादाचं म्हणणं तेव्हाही तेच आणि आजही तेच: "शेवटचा काय आणि बाद काय, दोन्ही सारखंच." साफ चूक आहे. 1903 ची पहिली टूर घ्या. साठ जण निघाले, एकवीस पोचले. शेवटचा आर्सेन मिलोशो, विजेत्या गॅरीनच्या मागे सुमारे 65 तास. पासष्ट तास, तरी त्याचं नाव आणि वेळ यादीत आहे. शेवटच्याला तिथे "लाल कंदील" म्हणतात, आगगाडीच्या शेवटच्या डब्यामागच्या दिव्यावरून. तो दिवा दिसला की स्टेशनमास्तरला कळतं, गाडी अख्खी आली, डबा मागे राहिला नाही. नोंद का ठेवतात, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच.

आणि शेवटचा म्हणजे लेचापेचा, हेही डोक्यातून काढा. बेल्जियमचा विम व्हॅनसेव्हेनां 2006, 2007, 2008 अशी तीन वर्षं लागोपाठ शेवटचा. त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत त्याच्याच संघाचा कॅडेल इव्हान्स एकूण दुसरा आला, 2007 मध्ये तर फक्त 23 सेकंदांनी हुकला. कप्तानासाठी वारा छातीवर घ्यायचा, बाटल्या आणून द्यायच्या, काम संपलं की मागे पडायचं आणि मर्यादेच्या आत पोचायचं. हा हिशोब ज्याला जमतो तो कच्चा नाही.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. जिरो या इटलीच्या सायकल शर्यतीत 1946 ते 1951 शेवटच्याला काळी जर्सी असायची, आणि लुईजी मालाब्रोका तिच्यासाठी मुद्दाम लपून वेळ काढायचा. 1949 मध्ये तो इतका रेंगाळला की वेळ घेणारे निघून गेले, त्याला सरसकट मुख्य घोळक्याची वेळ दिली आणि काळी जर्सी सान्ते कारोल्लोला गेली. असलं रेंगाळणं मला पटत नाही. वेळमर्यादाही हवीच, रस्ते दिवसभर बंद ठेवता येत नाहीत. आणि डोक्याला मार लागला असेल तर गुपचूप गाडीत बसा, तिथे दादा बरोबर.

तुम्ही स्वतः शर्यतीत उतरणार असाल तर निघण्याआधी आयोजकांना विचारा, कमान किती वाजता उतरवणार, आणि ते लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं. पण रेघेसमोरच्या चहाच्या टपरीत भिंतीवर घड्याळ होतं. 1 वाजून 50 मिनिटं. टेम्पो माझ्या मागेच उभा होता, म्हणजे दादानेही ते पाहिलंय.