एका चावीची भावंडं

प्रश्न : ताई, मी बी. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, मेजर इतिहास. मायनरसाठी, म्हणजे दुय्यम विषयासाठी, आमच्या कॉलेजात फ्रेंच आणि स्पॅनिश असे दोन पर्याय आहेत. मला पुढे शिवकाळावर काम करायचंय. आमचे सर म्हणतात, मोडी आणि फारसी शीक, युरोपातल्या भाषांमागे लागू नकोस. घरच्यांचं म्हणणं, शिकायचीच तर जर्मन शीक, निदान नोकरी तरी मिळेल. मैत्रीण म्हणते, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन या एकाच घरातल्या आहेत, एक आली की बाकीच्या आपोआप येतात. हे खरं आहे का? माझ्या विषयाला यांचा काही उपयोग होईल का?
— एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : सरांचं म्हणणं मनावर घे. मोडी आणि फारसी आधी. त्यांच्याशिवाय शिवकाळात पाऊलच ठेवता येत नाही. पण त्या काळाच्या कागदांचा एक मोठा ढीग पोर्तुगीज भाषेत आहे आणि तो लिस्बनलाच जाऊन पाहावा लागतो असंही नाही. पणजीच्या पुराभिलेखागारात तो आहे. गोव्याचा व्हाइसरॉय आणि पोर्तुगालचा राजा यांच्यातला पत्रव्यवहार मान्सूनच्या वाऱ्यावर ये-जा करणाऱ्या जहाजांनी चाले. त्या पत्रांचे बाड 'मान्सूनची बुकं' म्हणूनच ओळखले जातात. गोव्याचे इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकरांनी उभं आयुष्य या कागदांत घालवलं. त्यांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' पुणे विद्यापीठाने १९६७ साली छापलं, तेही मराठीत. लायब्ररीत असेल तर आजच काढ आणि तळटीपा बघत बस. एका माणसाला एक भाषा चांगली आली म्हणून आपल्या सगळ्यांना किती मिळालं, ते तुला कळेल.

मी पोटासाठी फ्रेंच शिकवते, त्याला तेवीस वर्षं झाली. पोर्तुगीज शिकले चाळिशीनंतर. पणजीत पहिल्यांदा एका जुन्या पत्राचं पान समोर आलं तेव्हा अर्धा तास मला एक ओळ लागली नाही. शब्द तोडून लिहिलेले, शाई मागच्या बाजूने फुटलेली. मग मधेच एक शब्द डोळ्यांत भरला. एस, ई, व्ही, ए, जी, वाय. 'सेवाजी'. महाराजांचं नाव एका परक्या कारकुनाने कानाला जसं ऐकू आलं तसं लिहून ठेवलं होतं. मी बोट न लावता त्या शब्दावर बोट धरून किती वेळ बसले, मला आठवत नाही. तिथून पुढे ते पान हळूहळू उलगडत गेलं. तुझ्या वाट्याला हा अर्धा तास यावा असं मला मनापासून वाटतं.

आता मैत्रिणीचं म्हणणं. या सगळ्या लॅटिनमधून निघालेल्या, तेव्हा घर एकच आहे, हे खरं. 'आपोआप येतात' हे खरं नाही.

घर एकच म्हणजे कसं, ते आपल्या घरातून बघ. संस्कृतात 'अष्ट', प्राकृतात 'अट्ठ', पंजाबीत अजून 'अट्ठ', आपण मात्र जोडाक्षर सोडलं, मागचा स्वर लांबवला आणि 'आठ' केलं. 'सप्त', 'सत्त', 'सात' तसंच. 'हस्त', 'हत्थ', 'हात' तसंच. लॅटिनमध्ये आठाला 'ओक्तो'. इटालियनने त्याचं 'ओत्तो' केलं, म्हणजे पंजाबीसारखं द्वित्त राखलं. स्पॅनिशने 'ओचो' केलं, पोर्तुगीजने 'ओइतु', फ्रेंचने 'उइत', रुमानियनने 'ओप्त'. आता रात्रीचा शब्द घे, लॅटिन 'नोक्तेम'. इटालियन 'नोत्ते', स्पॅनिश 'नोचे', पोर्तुगीज 'नोइत', फ्रेंच 'न्युई', रुमानियन 'नोआप्ते'. मी वर्गात इथे थांबते आणि मुलांना विचारते, दूध लॅटिनमध्ये 'लाक्तेम', मग इटालियनमध्ये काय? मागच्या बाकावरून 'लात्ते' येतं. स्पॅनिश? 'लेचे'. कुणी शिकवलेलं नसतं, मुलं स्वतः काढतात. मायनरमधली सगळ्यात मोलाची गोष्ट मला ही वाटते.

दुसरं उदाहरण तुझ्या घराच्या दारावर टांगलेलं आहे. 'चावी' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. लॅटिनमध्ये 'क्लाविस'. सुरुवातीच्या 'क्ल'चं प्रत्येकीने वेगळं काही केलं: फ्रेंचने तसाच ठेवला, 'क्ले'. इटालियन 'क्यावे', स्पॅनिश 'यावे'. आणि पोर्तुगीज? आज लिस्बनला कुणी चावी मागितली तर तुला 'शाव' असं काहीतरी ऐकू येईल. पण सोळाव्या शतकात हे लोक आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा त्यांच्या तोंडी तो 'च'च होता. पुढे त्यांचा 'च' घासून 'श' झाला, आपला राहिला. म्हणजे साताऱ्यातली आजी 'चावी दे गं' म्हणते तेव्हा एक जुना पोर्तुगीज उच्चार तिच्या तोंडात जिवंत असतो. गोव्यात जन्मलेले सेबास्तियाँव रोदोल्फ दालगाद हे लिस्बनला संस्कृत शिकवत. आशियातल्या भाषांत गेलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश त्यांनी १९१३ साली काढला. तो चाळताना आपल्या स्वयंपाकघराची आणि कचेरीची यादी वाचतोय असं वाटतं. 'पगार' सुद्धा त्यांचाच. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ शांत करणं, म्हणजे देणं चुकवून समोरच्याला शांत करणं.

पण आपोआप काही येत नाही, आणि हे मी सोसून सांगते. कॉलेजात असताना मी फ्रेंच आणि स्पॅनिश एकाच वर्षी, दोन्ही अगदी अ-आ-ई पासून सुरू केल्या. तोंडी परीक्षेत मी स्पॅनिश वाक्याला फ्रेंच क्रियापद लावत होते आणि परीक्षक थांबवत होते. स्पॅनिश सुटलं ते सात वर्षं. भाषा जितक्या जवळच्या तितक्या एकमेकींच्या पायात येतात. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण आणि मराठीत दंड, हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं म्हणून आपण फसत नाही. तिथे 'सालीर' हे एकच क्रियापद स्पॅनिशमध्ये बाहेर पडणं, फ्रेंचमध्ये मळवणं, आणि इटालियनमध्ये थोड्या फरकाने 'सालीरे' म्हणजे वर चढणं. नवशिक्याने तिन्ही एकदम घेतल्या तर काय होईल सांग. म्हणून पहिली भाषा नीट पायावर उभी राहू दे. युरोपात भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या धरतात. पहिली बी-वनला पोचली की दुसरीला हात घाल, त्याआधी नाही.

मायनरमधून तिथवर जाता येतं का? हिशोब कर. शिकवण्याचा एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास. तुझ्या कॉलेजात मायनर वीस क्रेडिटचं असेल तर तीनशे तास झाले. रोज घरी अर्धा तास वाचलंस, ऐकलंस तर बी-वनच्या उंबरठ्यावर पोचशील. नुसत्या वर्गावर विसंबलीस तर नाही पोचणार.

आणि मराठी मुलीला काही गोष्टी फुकट मिळतात. इंग्रजीतून शिकणारी मुलं लिंग पाठ करून रडकुंडीला येतात, आपल्याला तीन लिंगांची सवय, यांची तर दोनच. दुसरं म्हणजे इच्छा-अपेक्षेचं ते वेगळं क्रियापद, ज्याला सगळे घाबरतात. 'तू यावंस असं मला वाटतं' यातलं 'यावंस' काय आहे? स्पॅनिशमध्ये अशा वाक्यात क्रियापद जे रूप घेतं, त्याचं काम हेच. मी व्याकरणाचं नाव शेवटी सांगते, आधी मुलांकडून 'यावंस, करावंस, बसावंस' म्हणवून घेते. आणि स्पॅनिश 'उस्तेद' हे 'आपली कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून आलं, त्याला क्रियापद तृतीयपुरुषी लागतं, हे ऐकून तर दरबारी मराठी कानावर पडलेल्या मुलांना काहीच नवल वाटत नाही.

मग फ्रेंच की स्पॅनिश? मी फ्रेंचची शिक्षिका असूनही तुला सांगते, स्पॅनिश घे. तुला पोहोचायचंय पोर्तुगीजपर्यंत, आणि स्पॅनिशवरून पोर्तुगीज वाचायला लागणं ही काही महिन्यांची गोष्ट आहे. उच्चार वेगळे पडतील, पण तुला कागद वाचायचेत. फ्रेंच नंतर घे, वाचण्यापुरती. लागणार आहे ती. मनुची तुला माहीत असेलच, व्हेनिसचा प्रवासी, १६६५ साली मिर्झाराजा जयसिंगाच्या छावणीत होता आणि तिथे महाराजांशी बोलल्याचं सांगतो. आपण त्याला इंग्रजी भाषांतरातून वाचतो, १९०७-०८ सालच्या. मूळ मजकूर मात्र कुठे इटालियन, कुठे पोर्तुगीज, कुठे फ्रेंच आहे, जसा लेखनिक मिळाला तसा. एकच ग्रंथ आणि तीन भाषा! शिवकाळाचा अभ्यासक आणि रोमान्स भाषांचं, म्हणजे याच लॅटिनच्या लेकींचं, मायनर यांचा संबंध काय असं पुढे कुणी विचारलं, तर मनुचीचं नाव सांग.

नोकरीचं घरच्यांना खरं खरं सांग. नुसत्या मायनरवर नोकरी लागत नाही, जर्मनच्याही नाही. कंपन्या बी-टू मागतात. स्पॅनिशची 'देले' परीक्षा बी-टूपर्यंत दिलीस तर ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्याला मुदत नसते. पदवीनंतर एक वर्ष त्याला दे, म्हणजे घरच्यांचीही काळजी मिटेल.

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत जीवशास्त्र शिकते. आता फोनवर सांगते, 'रोमान्स भाषा आणि संस्कृती' हे मायनर घेतलंय. नातेवाइकांना सांगायची मला चोरी झाली आहे, सगळे हसतात. हे नक्की काय असतं? आणि एवढी फी भरून हे शिकायला हवं का?
— एक आई, ठाणे

उत्तर : नातेवाइकांना निःशंक सांगा. रोमान्स म्हणजे रोमची. लॅटिन शिकलेल्यांची भाषा राहिली आणि साधी माणसं 'रोमन पद्धतीने' बोलत, त्या बोलण्याचं हे नाव. पुढे त्या बोलीत शूर सरदारांच्या आणि प्रेमाच्या कथा लिहिल्या गेल्या, कथांनाही तेच नाव पडलं आणि प्रेमाचा अर्थ तिथून चिकटला. इसवी सन ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेने ठरवलं की प्रवचन लोकांना कळेल अशा बोलीत करावं. आपल्याकडे माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला १२९० मध्ये, आणि इटलीचा कवी दान्ते तेव्हा पंचविशीत होता. त्यानेही आपलं मोठं काव्य लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत लिहिलं. मुलीला एकदा विचारा त्याच्याबद्दल. तुमचा फोन तासभर चालेल.

फीबद्दल: अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मायनर पदवीच्याच क्रेडिटमध्ये बसतं, वेगळी पदवी नसते. तिची पदवी त्यामुळे लांबते का, एवढंच विचारा. लांबत नसेल तर तिला शिकू द्या. जीवशास्त्राची मुलगी आहे, प्राण्या-वनस्पतींची लॅटिन नावं पाठ करताना तिलाच हे घर खुणावलं असणार.

प्रश्न : मी वसईचा, वय ६३. किल्ल्यात रोज फिरायला जातो. पडक्या चर्चमध्ये जमिनीवर कोरलेल्या शिळा आहेत. आयुष्यभर त्यांच्यावरून चालत आलो. आता त्या वाचाव्या असं वाटतं. या वयात पोर्तुगीज जमेल का?
— एक निवृत्त शिक्षक, वसई

उत्तर : सर, शिळांपुरतं तर पंधरा दिवसांत जमेल. वसई पोर्तुगिजांकडे १५३४ पासून होती, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये घेतली. या शिळा त्या दोनशे वर्षांतल्या थडग्यांच्या, आणि थडग्यावरचा मजकूर ठरावीक असतो. 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं, बऱ्याचदा तोडून पहिलं अक्षर आणि वर बारीक 'ए' एवढंच. 'एर्देइरुश' म्हणजे वारस, कारण जागा कुटुंबाची असे. 'फालेसेउ' म्हणजे वारला, पुढे तारीख. 'आहे' या अर्थी जुन्या लिखाणात 'एच' आणि 'ई' अशी दोन अक्षरं दिसतील, आज नुसता 'ई' लिहून वर मात्रा देतात, तिथे अडखळू नका.

आणि 'आकी झाश'. 'इथे पहुडला आहे.' फ्रेंच थडग्यावर हेच 'सी झी', स्पॅनिशवर 'आकी यासे', इटालियनवर 'क्वी जाचे'. चारी एकाच लॅटिन क्रियापदातून आलेली. एवढ्याशा दोन शब्दांत सगळं घर सापडतं.

भर दुपारी जाऊ नका, अक्षरं सपाट दिसतात. सकाळी सातला किंवा सूर्य उतरल्यावर जा, उन्हाची तिरीप दगडावर आडवी पडली की खाचेत सावली भरते आणि अक्षर उठून येतं. दगडाला खडू, तेल, पाणी काही लावू नका. फोटो काढा, वहीत जसं दिसतं तसं अक्षर उतरवा, न कळलेल्या जागी टिंब ठेवा. पहिली शिळा उतरवून झाली की मला पाठवा, आपण दोघं मिळून लावू.