विश्वासात आहे, मग एवढी भीती का वाटते?

मी समुपदेशक, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच, कधी समोर बसून, कधी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर, आणि विचारणारे बहुतेक आपल्या चर्चच्या मंडळीतलेच असतात, एक रविवार न चुकवणारे. "मॅडम, मी प्रार्थना करते, वचन वाचते, तरी छातीत धडधडतं, म्हणजे माझा विश्वास कमी पडतोय का?" दरवेळी तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून आज एका ताईंची गोष्टच लिहिते. त्यांना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई 44 वर्षांच्या, राहायला पुण्यात दापोडीला, नोकरी स्वारगेटच्या बाजूला अकाऊंट्सची. 29 सप्टेंबर 2024 ला मेट्रो स्वारगेटपर्यंत सुरू झाली तेव्हा घरात सगळ्यात खूश ह्याच होत्या, कारण बसचे धक्के सुटले. मग एक दिवस, गाडी नेहमीसारखीच चाललेली, एसी चालू, गर्दीपण फार नाही, आणि सिव्हिल कोर्टच्या पुढे अचानक हातापायाला मुंग्या, छाती अशी धडधडतेय की शेजारचीला ऐकू जाईल, घाम, आणि डोक्यात एकच, आता मी इथेच मरणार, जमिनीखाली. मंडईला उतरल्या, वर येऊन फुटपाथवर बसल्या. दहा-पंधरा मिनिटांत सगळं नॉर्मल. ईसीजी झाला, थायरॉईड झालं, काही निघालं नाही. (हे आधी कराच, सरळ माझ्याकडे येऊ नका.) डॉक्टर म्हणाले पॅनिक अटॅक आहे, समुपदेशकाला भेटा.

भेटायला आल्या सात महिन्यांनी! तोवर काय, तर मेट्रो बंद, मग लिफ्ट बंद, मग चर्चमध्येही शेवटच्या बाकावर, दाराजवळ. आणि ह्या बाई महिला मंडळाच्या सेक्रेटरी बरं का, दुसऱ्यांसाठी उपास-प्रार्थना ठेवणाऱ्या. मंडळीत कोणालाच सांगितलं नव्हतं. एका नातेवाईक मावशींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कशाचीही काळजी करू नका असं बायबलमध्ये पौलच सांगतो ना, मग तू कशाला करतेस?" झालं. भीती होतीच, वर आता अपराधीपणा.

पहिल्या दोन सेशनला मी नेहमीचंच समजावलं. शरीराची धोक्याची घंटा चुकून वाजते, ती खरी आग नसते, अटॅक साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि मग उतरतोच. आणि मुख्य म्हणजे आपण मधेच उतरून पळालो की जे हायसं वाटतं ना, तेच घात करतं, कारण मेंदू लिहून ठेवतो की पळाले म्हणून वाचले. पुढच्या वेळी घंटा अजून जोरात. ताईंनी सगळं वहीत लिहून घेतलं, अकाऊंट्सवाल्या ना, तारखेसकट. मी होमवर्क दिला, दापोडीला बसा, फक्त शिवाजीनगरपर्यंत जा, परत या. दापोडीहून गाडी वरून पुलावरून जाते आणि शिवाजीनगरच्या आधी खाली शिरते, म्हणजे जमिनीखालचं एकच स्टेशन. मला वाटलं सोपं आहे.

नाही गेल्या. पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या वेळी रडायलाच लागल्या, म्हणाल्या, "मॅडम, मला विज्ञान पटलं हो, पण मला लाज वाटते." इथे माझी चूक माझ्या लक्षात आली. मी भीतीवर काम करत होते आणि बाई लाजेत अडकल्या होत्या.

मग मी विचारलं, पौलाचं ते काळजीचं वचन पाठ आहे, करिंथकरांस दुसरं पत्र सातवा अध्याय वाचलाय का? बायबल त्यांच्या पर्समध्येच होतं. काढलं, वाचलं. तिथे तोच पौल मासेदोनियात आल्यावर सांगतो की आम्हाला जराही विसावा नव्हता, बाहेर भांडणं आणि आत भीती. ताई दोनदा वाचून म्हणाल्या, "आत भीती, पौलाला?" म्हटलं पुढची ओळ वाचा. पुढे तो म्हणतो की खचलेल्यांना धीर देणाऱ्या देवाने आम्हाला धीर दिला, आणि कसा दिला, तर त्याचा सोबती तीत आला म्हणून. आकाशातून वाणी नाही, दर्शन नाही, एक माणूस येऊन पोचला. आणि गेथशेमाने बागेत, पकडलं जाण्याच्या रात्री, प्रभू येशूने स्वतः शिष्यांकडे काय मागितलं, तर माझ्याबरोबर जागे राहा. (शिष्य झोपले तो भाग सोडा, तेही आपल्यासारखेच.)

ताई बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "म्हणजे मला सांगावं लागणार."

पुढच्या बुधवारच्या कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरी भरते त्या प्रार्थनासभेला, सांगितलं. मला नंतर कळलं ते असं की दोन मिनिटं कोणी बोललंच नाही, आणि मग एक रिटायर्ड नर्सबाई म्हणाल्या, मला मुलगा झाल्यावर वर्षभर असंच व्हायचं, आणि अजून एक म्हणाली मी फ्लायओव्हरवरून गाडी चालवत नाही, नवऱ्याला सांगते की खालून शॉर्टकट आहे. आपल्याकडे आजाऱ्यांच्या प्रार्थनेच्या यादीत शुगर असते, गुडघ्याचं ऑपरेशन असतं, ही गोष्ट कधी नसते. त्या रविवारी पाळकसाहेबांनी ताईंना विचारून यादीत घेतली, नाव न घेता.

चौघी तयार झाल्या सोबत जायला. त्यांना मी एकदा बोलावून नियम सांगितले, आणि हे जरा नीट वाचा, कारण सोबत करणारे प्रेमापोटीच घोळ घालतात. "काही होत नाही गं" म्हणायचं नाही, कारण तिला होतंय. हात घट्ट धरून बसायचं नाही. पाण्याची बाटली, गोळी, कांदा, काहीही नाकाशी धरायचं नाही. फक्त विचारायचं, भीती दहापैकी किती? आणि आकडा उतरायला लागेपर्यंत उतरायचं नाही. प्रार्थनेचं पण बोलले, जरा भीतभीतच. ताई मनात सारखं "प्रभू, हे घालव, हे घालव" म्हणायच्या आणि लगेच छातीवर लक्ष, गेलं का? गेलं का? अशाने धडधड वाढतेच. मी म्हटलं देवाला मागायचं ते मागा, पण गाडीत असताना "सोबत राहा" एवढंच म्हणा, आणि छाती तपासू नका. नर्सबाई म्हणाल्या, "गेथशेमानेसारखं." हो, तसंच.

पहिल्या दिवशी नर्सबाई शेजारी, दापोडी ते शिवाजीनगर. आकडा आठ, मग नऊ, परत येताना पाच. तीन वेळा तेच स्टेशन. मग सिव्हिल कोर्ट, ते तर सुमारे 33 मीटर खोल, सरकते जिने संपतच नाहीत, तिथे प्लॅटफॉर्मवर नुसतं वीस मिनिटं बसायचं. मग सोबतीण त्याच गाडीत पण दुसऱ्या डब्यात. गाडी तीनच डब्यांची, तरी तेवढं अंतर ताईंना दापोडी ते केडगाव वाटलं म्हणे. मग सोबतीण मंडईला वर उभी, ताई खाली एकट्या. ग्रुपवर रोज सकाळी मेसेज, आज तीत कोण? एकीला बोलायची इतकी सवय की नियम पाळणं तिला मेट्रोपेक्षा जड गेलं, दोन स्टेशनं गप्प बसून बोपोडीला म्हणाली, "आता मलाच अटॅक येईल."

मधे एकदा सगळं फिसकटलंही. पाचव्या आठवड्यात ताई शिवाजीनगरलाच उतरून पळाल्या, रिक्षाने घरी. मला फोन करून म्हणाल्या सगळं वाया गेलं. मी म्हटलं उद्या पुन्हा तेच स्टेशन, दुसरं काही नाही. गेल्या.

सगळ्यांचं असं आठ-दहा आठवड्यांत होत नाही, काहींना गोळ्या लागतात, आणि त्या मानसोपचारतज्ज्ञाने दिल्या तर घ्याव्यात, बीपीची घेतो तशीच. रात्री-बेरात्री फारच झालं आणि कोणी नसलं तर टेलिमानसचा 14416 नंबर आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आकडे लिहायला ताई दानाची रिकामी पाकिटं वापरायच्या, मागची बाजू कोरी असते ना. शेवटच्या सेशनला ती सगळी रबरबँड लावून घेऊन आल्या. सगळ्यात वरच्यावर, एकट्या गेल्या त्या दिवसाचं, निळ्या पेनने: शिवाजीनगर 7, सिव्हिल कोर्ट 8, कसबा पेठ 6, मंडई 6. मी विचारलं, अहो सहा म्हणजे बरीच होती की भीती, स्वारगेटपर्यंत का नाही गेलात, मंडईला उतरलात म्हणजे पळालात का? म्हणाल्या, "नाही हो मॅडम, रविवार होता, मेथी घ्यायची होती."