रूट बरोबर आहे तरी रेल्स 'अनइनिशियलाइज्ड कॉन्स्टंट' का म्हणतं?

तुम्ही म्हणताय तुमच्या रेल्स (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) ॲपमध्ये रूट, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या कोडकडे जातो ते सांगणारी ओळ, आहे, पीडीएफ रिपोर्ट्सच्या कंट्रोलरची, म्हणजे ती विनंती हाताळणाऱ्या कोडची फाइल आहे, आत क्लासही आहे, तरी त्या नावाचं काही सापडत नाही असा एरर येतोय. क्लासच्या नावात पीडीएफची तिन्ही अक्षरं कॅपिटल आहेत ना? मग चूक तिथेच आहे, रूट्सची फाइल उलटसुलट करत बसू नका. रेल्स क्लासचं नाव फाइलच्या आणि रूटच्या नावावरून स्वतः तयार करतं आणि त्या नावात फक्त पी कॅपिटल असतो, डी आणि एफ स्मॉल. क्लासमध्येही तसंच लिहा, एरर गेला.

आता इन्फ्लेक्शन्सच्या फाइलमध्ये (नावं कशी बनवायची त्याचे सगळ्या ॲपचे नियम तिथे असतात) पीडीएफला ॲक्रोनिम, म्हणजे सगळी अक्षरं कॅपिटल ठेवायचं लघुरूप, म्हणून टाका असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देणारच, तो ऐकू नका. आमच्या टीममध्ये एका सीनियरनी अगदी हेच केलं होतं, रेल्स ६ वर, मी तेव्हाच म्हटलं की एका क्लाससाठी सगळ्या ॲपचा नियम का बदलायचा, तर मला उत्तर मिळालं की नाव वाचायला नीट दिसलं पाहिजे. त्यांचा कंट्रोलर चालला. पण माझा एक जुना एक्स्पोर्टर क्लास होता, त्याच्या नावातल्या पीडीएफमध्ये फक्त पी कॅपिटल, आणि नियम बदलल्यावर रेल्स त्याच फाइलमध्ये तिन्ही कॅपिटलवाला क्लास शोधायला लागलं. डेव्हलपमेंटमध्ये फाइल लागेल तेव्हाच लोड होते आणि त्या दिवशी एक्स्पोर्ट कोणी चालवलाच नाही, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. प्रॉडक्शनमध्ये ईगर लोड असतं, बूट होतानाच सगळ्या फाइली लोड होतात, सर्व्हर उठेचना. एररमध्ये माझ्या फाइलचं नाव, म्हणून रात्री फोन मला, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्येही माझंच नाव. माझ्या फाइलमध्ये मी कित्येक महिने एक अक्षर बदललं नव्हतं! ते मला अजून लागतं.

झाइटवर्क हा रेल्समधला फाइली लोड करणारा भाग, त्याची झाइटवर्क चेक ही फाइल आणि क्लासची नावं जुळतात का ते बघणारी कमांड डिप्लॉयच्या आधी चालवली असती तर हे दोन मिनिटांत सापडलं असतं. रेल्स ६ पासून, म्हणजे २०१९ पासून, ती आहे. तुम्ही आजच चालवा आणि सीआयमध्येही (कोड बदलला की आपोआप तपासण्या चालवणारी सिस्टीम) टाका.

तुमचा दुसरा प्रश्न, सर्चचं पान शो ॲक्शनकडे, म्हणजे आयडीवरून एकच रेकॉर्ड दाखवणाऱ्या कोडकडे का जातंय, त्याचं कारण वेगळं आहे, रूट वरून खाली बघितले जातात आणि पहिला जुळेल तो लागतो, त्यामुळे सर्च हा शब्दच आयडी समजला जातो आणि रेकॉर्ड सापडत नाही. सर्चच्या रूटची ओळ रिसोर्सेसच्या (शो वगैरे नेहमीचे रूट एकदम बनवणारी ओळ) वर घ्या किंवा त्याच्या आत कलेक्शन ब्लॉकमध्ये टाका. रूट्सची कमांड चालवून क्रम बघा.

हां, एक सांगायचं राहिलं, ॲप अगदी नवीन असेल आणि पहिल्या दिवसापासून सगळीकडे तिन्ही कॅपिटल लिहिणार असाल तर ॲक्रोनिम चालेल. झाइटवर्कला एकाच फाइलपुरतं वेगळं नावही सांगता येतं, पण ते कंट्रोलरला पुरत नाही, कारण राउटर नाव त्याच्या नेहमीच्या नियमानेच बनवतो. चालू ॲपमध्ये मात्र क्लासचं नाव बदला, नियम नाही. हे मी त्या मीटिंगमध्येही म्हटलं होतं आणि आजही तेच म्हणेन.