निर्यात केलेले फंक्शन एक्सआर्ग्जला का सापडत नाही?

प्रश्न : उबुंटूवर मी बॅशमध्ये एक फंक्शन लिहून ते ‘एक्सपोर्ट -एफ’ने निर्यात केले आहे. दुसऱ्या बॅश स्क्रिप्टमधून ते चालते. पण ‘फाइंड’ने शोधलेली फाइलनावे ‘एक्सआर्ग्ज’मार्फत त्याला दिली, की अशी फाइल वा डिरेक्टरी नसल्याचा संदेश येतो. मध्ये ‘एसएच -सी’ घालूनही फंक्शन सापडत नाही. माझे काय चुकते?

उत्तर : निर्यात तुम्ही बरोबर केली आहे, ती वाचणारा मात्र समोर कोणी नाही. फंक्शन निर्यात करताना बॅश त्याचा मजकूर एका एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये ठेवते आणि नव्याने सुरू होणारे बॅशच तो वाचून त्याचे पुन्हा फंक्शन बनवते. ‘एक्सआर्ग्ज’ हे बॅशसारखे शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा दुभाषा, नव्हे; मिळालेली नावे ते दुसऱ्या प्रोग्रामला पुरवते. दिलेल्या नावाचा प्रोग्राम ते पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या डिरेक्टऱ्यांच्या यादीत, शोधते आणि तो नसला की तुम्हाला दिसलेला संदेश देते. ‘एसएच’ही उपयोगी पडत नाही, कारण उबुंटूवर 2006 पासून त्या नावामागे डॅश हे वेगळे, छोटे शेल आहे आणि डॅशला ही पद्धत ठाऊकच नाही.

म्हणून ‘एक्सआर्ग्ज’ला ‘बॅश -सी’ चालवायला सांगा, त्यापुढे एकेरी अवतरणात फंक्शनचे नाव आणि दुहेरी अवतरणातील डॉलर-अ‍ॅट (आलेली सर्व फाइलनावे) लिहा, आणि अवतरण संपल्यावर एक निरर्थक शब्द, बहुधा नुसता अंडरस्कोर, जरूर ठेवा. तो विसरलात तर पहिले फाइलनाव डॉलर-शून्यात जाते आणि प्रत्येक फेरीत एक फाइल मुकाट्याने गळते. ही चूक संदेश देणाऱ्या चुकीपेक्षा वाईट.

खात्री करायची असल्यास एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल दाखवणाऱ्या ‘एन्व्ह’च्या यादीत BASH_FUNC ही अक्षरे शोधा. फंक्शनच्या नावाभोवती हा उपसर्ग आणि शेवटी दोन टक्केचिन्हे येतात, ती सप्टेंबर 2014 मध्ये उघड झालेल्या शेलशॉक या बॅशमधील सुरक्षा-त्रुटीमुळे : तोवर कोणत्याही व्हेरिएबलचा मजकूर फंक्शनसारखा दिसला की बॅश तो वाचत असे आणि फंक्शन संपल्यानंतर जोडलेल्या आज्ञाही चालवत असे.

फंक्शन सापडूनही चुकीचे वागले, तर ते कोणत्या व्हेरिएबलवर विसंबते ते पाहा. साधे व्हेरिएबल वेगळे निर्यात करावे लागते आणि अ‍ॅरे (अनेक मूल्यांची यादी) तर बॅशमध्ये निर्यात होतच नाही. अ‍ॅरे लागत असेल, तर मी फंक्शनचा हट्ट सोडून स्वतंत्र स्क्रिप्ट फाइल करीन, म्हणजे ‘एक्सआर्ग्ज’लाही ती थेट चालवता येईल.